पाठ केलेला देश

भूगोल शिकवणाऱ्या बाईला नोकरीवरून काढायला मंदीइतकं सोयीचं निमित्त दुसरं नाही. गणित लागतं, विज्ञान लागतं, इंग्रजीवाचून तर पानही हलत नाही. भूगोलाचं काय, तो कुणीही शिकवतो, अशी एकूण जगाची समजूत आहे. २००९ च्या मार्चमध्ये दुबईच्या ऊद मेथा भागातल्या एका शाळेनं प्रमोदिनीला हेच सांगितलं, फक्त बऱ्या शब्दांत आणि चहा पाजून. मुलं कमी झाली होती हे मात्र खरं होतं. बापाची नोकरी गेली की बायकामुलं आधी घरी धाडायची ही दुबईची रीत, त्यामुळे सातवीच्या वर्गात मधली मधली बाकं रिकामी दिसायला लागली होती. प्रमोदिनीनं तक्रार केली नाही. तक्रार करायला अंगात जोर लागतो, आणि तो तिच्यात उरला नव्हता.

ती मूळची सोलापूरची. लग्न होऊन आली तेव्हा दोन वर्षांत परत जाऊ असं ठरलं होतं. तसं सगळ्यांचंच ठरलेलं असतं. नवरा राजन एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत एस्टिमेटर होता. मोठमोठ्या इमारतींना किती लोखंड, किती सिमेंट लागेल याचे अंदाज काढायचा. मंदी आली आणि त्याच्या इमारती अर्ध्यावर थांबल्या. त्यानं काढलेले सगळे अंदाज बरोबर होते, फक्त मंदीचा तेवढा राहून गेला होता. शेवटी दूर अबू धाबीकडच्या रुवैसला, रिफायनरीच्या कामावर मिळाली ती नोकरी त्यानं घेतली. गुरुवारी रात्री घरी यायचा, शनिवारी दुपारी निघायचा, आणि मधला वेळ झोपून काढायचा. मुलगी पर्णिका आठवीत होती आणि कानात वायरी घालून बसायची. घरात तीन माणसं होती, पण बोलायला कुणी नव्हतं.

घरातल्या दोन गाड्यांपैकी एक विकायची ठरली. तिच्या डाव्या दरवाजाला पोचा होता. तो काढायला नवराबायको अल क्वोजच्या एका गॅरेजात गेली आणि दरवाजा बदलायचा की तशीच विकायची यावर, तिथंच सगळ्यांसमोर, पण मराठीत म्हणजे कुणाला कळणार नाही अशा खात्रीनं, भांडायला लागली. तेवढ्यात पत्र्याला भरायच्या लांबीनं पांढरे झालेले हात पुशीत चाळिशी ओलांडलेला एक माणूस पुढे आला.

“दरवाजा बदलू नका, वहिनी,” तो म्हणाला. “पोचा मी काढतो. ओळखू येणार नाही.”

परक्या मुलखात मराठी कानावर पडलं की आपला माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, आणि प्रमोदिनीनंही तोच विचारला. “तुम्ही कुठले?”

“सतव्याचा.”

“ते राहायला. गाव कुठलं?”

“तेच तर लफडं आहे, मॅडम,” तो हसून म्हणाला.

त्याचं नाव याकूब. लफडं त्यानं हळूहळू, दोन-तीन खेपांत सांगितलं. बाप हमदुल्ला हर्णैचा, लाँचवरचा खलाशी. १९६४ साली तो आपल्या बायकोला, कुलसुमला, कौलांनी भरलेल्या लाँचवर बसवून दुबईला घेऊन आला. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही. समुद्र होता आणि ओळखीचा नाखवा होता, तेवढ्यावर भागायचं. पुढं सात वर्षांनी इथं देश झाला. माणसं जाऊन नागरिक म्हणून नावं लावायला लागली. काहींचं काम झालं, काहींचं नाही. हमदुल्ला गेलाच नाही. “आपण हर्णैचे,” तो म्हणायचा. “आज ना उद्या परत जायचं. इथं नाव कशाला लावायचं?” कोकणी माणसाचा हा जुना रोग आहे. पोट एकीकडे भरायचं आणि नाव दुसरीकडे ठेवायचं. पण हर्णैलाही त्याचं नाव कुठं लागलेलं नव्हतं. लागायला तो तिथं होता कधी? १९९१ साली तो गेला आणि अल क्वोजच्याच कबरस्तानात, याकूबच्या गॅरेजपासून जवळच, पुरला गेला.

मागं राहिली कुलसुम आणि याकूब, दोघंही बिदून. बिदून म्हणजे विना. काय विना, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. जन्म इथला, भाषा येते, गल्लीतला प्रत्येक दुकानदार नावानं ओळखतो, पण कागद नाही. कागद नाही म्हणून देश सोडता येत नाही, आणि सोडला तर परत येता येत नाही. याकूबला त्याचं फार काही वाटायचं बंद झालं होतं. हाल कुलसुमचे होते. तिची धाकटी बहीण जैनब हर्णैला होती. कुलसुम निघाली तेव्हा ती परकरी पोर होती, लाँच दिसेनाशी होईपर्यंत किनाऱ्यावर रडत उभी होती. आता जैनूची नातवंडं कॉलेजात गेली. दर ईदेला फोन व्हायचा आणि फोन ठेवताना जैनूचं एकच पालुपद असायचं, “बुबू, कधी येतेस?” कुलसुमला ना घर हवं होतं, ना दागिना. जैनूला एकदा डोळे भरून बघायचं, मग कधीही डोळे मिटले तरी चालतील, एवढंच ती म्हणायची. हेच ती वीस वर्षं म्हणत होती.

आणि २००८ साली, सगळीकडून वाईट बातम्या येत असताना, याकूबच्या घरात एक चांगली बातमी आली. आफ्रिकेजवळच्या कोमोरोस नावाच्या कुठल्याशा बेटांच्या देशानं कायदा केला होता आणि त्यातून बिदून लोकांना त्या देशाचे पासपोर्ट मिळणार होते. हा व्यवहार कुणी कुणाशी केला, कितीला केला, ते याकूबला कळलं नाही आणि त्यानं विचारलंही नाही. नावं द्या, फोटो द्या म्हणाले, त्यानं दिले. पुढच्या वर्षी आईचा आणि त्याचा, असे दोन कोरे करकरीत पासपोर्ट हातात आले. त्यानं गॅरेजात सगळ्यांना खजूर वाटले. मग हमीद नावाच्या सोबत्यानं विचारलं, “मुबारक हो. कहाँ है ये मुल्क?” आणि याकूबला उत्तर देता आलं नाही.

एवढ्यावरून तो प्रमोदिनीच्या दारात आला. गाडी विकली गेल्याला बरेच महिने झाले होते, पण ती भूगोल शिकवायची हे गॅरेजातल्या बोलण्यातून त्याच्या लक्षात राहिलं होतं.

“ताई, तुम्ही भूगोलाच्या टीचर ना?” त्यानं चपला बाहेर काढल्या आणि आतही नीट बसला नाही. “मला माझा देश शिकवा.”

तिला आधी थट्टा वाटली. पण त्याला खरंच भीती बसली होती. इंडियाच्या व्हिसाला अर्ज करायचा होता, आणि सतव्यात अशी बोलवा होती की कुठल्याशा एअरपोर्टवर असाच पासपोर्ट घेऊन गेलेल्या एकाला साहेबानं ‘तुमच्या राजधानीचं नाव सांगा’ म्हटलं, त्याला सांगता आलं नाही आणि त्याला परत पाठवलं. खरं-खोटं देव जाणे. पण ज्याला आयुष्यभर काउंटरवरून परत पाठवलंय त्याला अशी गोष्ट लगेच खरी वाटते.

“मला विचारलं तर मी काय बी ठोकून देईन,” याकूब म्हणाला. “पण अम्माला विचारलं तर? एक मोका आहे, ताई. रिजेक्ट झालं की खलास. दुसऱ्यांदा कोण देतंय? तुमची फी काय ती सांगा.”

फी तिनं घेतली नाही. का घेतली नाही ते तिनं राजनला नीट सांगितलंही नाही. राजन म्हणाला, “दोनशे दिरहम तरी घ्यायचे. अडीच हजार रुपये होतात,” आणि कूस बदलून झोपला. खरी गोष्ट अशी होती की वर्षभरात तिला पहिल्यांदाच कुणीतरी भूगोल शिकवा म्हणून विचारलं होतं.

शुक्रवारी दुपारी, नमाज आणि जेवण आटपून, माय-लेक यायला लागले. कुलसुमला घरी एकटी ठेवायला नको म्हणून याकूब तिला घेऊन यायचा. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसायची, डोक्यावरची ओढणी सारखी करायची आणि पहिल्या दिवशी तर ऐकता ऐकता झोपलीच. प्रमोदिनीनं मात्र जय्यत तयारी केली होती. अर्ध्या तासात आटपणारं काम तिनं पुऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमाएवढं केलं. रिकाम्या शिक्षकाला एक विद्यार्थी मिळाला की त्या विद्यार्थ्याचं काही खरं नसतं.

मादागास्कर आणि आफ्रिकेचा किनारा यांच्यामध्ये जो समुद्र आहे त्याच्या तोंडाशी ही बेटं आहेत, तिनं सांगितलं. मोठं ते ग्रांद कोमोर, मग अंजुआन, मग सगळ्यांत लहान मोहेली. ग्रांद कोमोरवर कार्थाला नावाचा जिवंत ज्वालामुखी आहे. त्याच्या दगडात पाणी ठरत नाही, म्हणून पाऊस बदाबदा पडूनही त्या बेटावर नदी नाही. लोक पावसाचं पाणी टाक्यांत धरून ठेवतात. राजधानी मोरोनी त्याच बेटावर.

“पिकतं काय?” कुलसुमनं विचारलं. ती जागी होती तर.

“लवंग. व्हॅनिला. आणि इलांग-इलांग म्हणून एक पिवळं फूल असतं, त्याचं तेल काढतात. अत्तरात घालतात. जगात सगळ्यांत जास्त तिथूनच येतं म्हणतात.”

“नारळ?”

“भरपूर.”

“मासळी?”

“तीही.”

“मग काय वाईट हाय?” कुलसुम म्हणाली. “माणसं काय करतात पण? सुखी हायत का?”

इथं प्रमोदिनीला इतिहासात शिरावं लागलं, आणि इतिहास सुखाचा नव्हता. फ्रान्सचं राज्य होतं. १९७५ साली स्वातंत्र्य मिळालं. चार बेटांपैकी तिघांना स्वतंत्र व्हायचं होतं, चौथं, मायोत, मतदान करून फ्रान्सकडेच राहिलं. झेंड्यावर मात्र अजून चार बेटांचे चार तारे आहेत. घर सोडून गेलेल्याचं पान कुणी रोज वाढून ठेवावं तसं ते तिला वाटायचं. स्वातंत्र्य मिळून महिनाही झाला नव्हता तर पहिला उठाव झाला. पुढच्या वर्षांत असे उठाव झाले किंवा करून पाहिले गेले ते वीसेक तरी. एक परदेशी भाडोत्री शिपाई तर चार-चार वेळा बोटीतून किंवा विमानातून यायचा आणि सरकार बदलायचा. मग १९९७ साली अंजुआन फुटून निघालं, आणि गंमत म्हणजे, परत फ्रान्सनं आम्हाला घ्यावं म्हणायला लागलं. फ्रान्सनं घेतलं नाही. पुढं अध्यक्षपद तिन्ही बेटांनी पाळीपाळीनं घ्यायचं असं ठरलं, तरी अंजुआनवर पुन्हा एक कर्नल अडून बसलाच. त्याला हटवायला २००८ साली आफ्रिकेतल्या इतर देशांचं सैन्य उतरवावं लागलं.

याकूब मन लावून ऐकत होता. “आमच्या गॅरेजसारखंच,” तो म्हणाला. “मालक चार झाले, काम तेच. पण ताई, ते चौथं बेट आता कसं आहे?”

“पैसेवालं आहे त्यामानानं. इतर बेटांवरची माणसं रात्री होड्यांतून तिकडं घुसायला बघतात. पुष्कळ बुडतात.”

“म्हणजे चौथ्यानं वेळेवर जाऊन नाव लावलं,” याकूब म्हणाला. “तिघांनी लावलं नाही.”

कुलसुमनं मान हलवली. “तुझा बापूस तिघांतला,” ती म्हणाली, आणि त्या शुक्रवारी पुढे कुणाचंच मन लागलं नाही.

पर्णिका पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा हे सगळं तिच्या कानावर पडायचं. ते दोघं गेल्यावर ती एकदा म्हणाली, “आई, व्हॉट्स द पॉइंट? दे आर नेव्हर गोइंग देअर.”

“परीक्षेत विचारणार आहेत,” प्रमोदिनी म्हणाली. भूगोल का शिकायचा या प्रश्नाला तिनं नऊ वर्षं हेच उत्तर दिलं होतं.

महिना-दीड महिन्यात याकूबचं सगळं तयार झालं. शंका राहिली ती कुलसुमची. तिला अक्षर येत नव्हतं, पण कान तल्लख होते. बेटं सांगितली की बेटं म्हणायची, राजधानी विचारली की राजधानी. मग एका शुक्रवारी तिनंच विचारलं, “आणि बाय, गाव विचारलं तर?”

“मोरोनी सांगायचं,” प्रमोदिनी म्हणाली.

याकूब घुटमळला. “हर्णै सांगितलं तर काय होईल, ताई? शेवटी इंडियाचंच ऑफिस आहे. उलट बरं वाटेल त्यांना.”

“बरं वाटेल आणि मग विचारतील, हर्णै कधी सोडलंत? कशावर बसून आलात? तेव्हाचा पासपोर्ट कुठाय? आहे तुमच्याकडे काही?” ती हातात खडू असल्यासारखे हातवारे करून बोलत होती. “एक धागा ओढला की सगळं उसवतं. पासपोर्ट जिथला, माणूस तिथला. मावशी, गाव कुठलं?”

“मोरोनी,” कुलसुम म्हणाली.

प्रमोदिनीचं म्हणणं चुकीचं होतं असं त्या वेळी कुणीही म्हटलं नसतं. राजनला विचारलं असतं तर तोही हेच म्हणाला असता. शहाण्या माणसांच्या चुका अशाच असतात, बोट ठेवायला जागा सापडत नाही. मग याकूबनं घरी तालीम सुरू केली. भाकरी थापताना, नमाजाआधी वजू करताना, झोपायच्या आधी, मध्येच विचारायचं, “अम्मा, गाव?” आणि तिनं न अडखळता सांगायचं. पहिल्यांदा ती हसायची. मग हसायची बंद झाली आणि नुसतं सांगायला लागली. पुढच्या शुक्रवारी प्रमोदिनीनं तिला उलटसुलट विचारून पाहिलं. एक उत्तर चुकलं नाही. इतका चोख विद्यार्थी तिला कधी मिळाला नव्हता, आणि त्या दिवशी संध्याकाळी, कित्येक महिन्यांनी, प्रमोदिनीला आपण अगदीच टाकाऊ नाही असं वाटलं.

जूनमध्ये ते व्हिसाच्या ऑफिसात गेले. प्रमोदिनीही गेली, कुलसुमनंच तिला चल म्हटलं होतं. बाहेर ऊन असं की श्वास घेतला तर नाक भाजावं, आणि आत एसी असा की म्हातारी कुडकुडायला लागली. टोकन घेऊन ते बसले. याकूब ओठांतल्या ओठांत बेटं म्हणत होता. त्यांचा नंबर लागला तो यतीन नावाच्या पंचविशीतल्या मुलाच्या खिडकीवर. नाव छातीवर लावलेलं होतं. त्यानं फॉर्म चाळले, फोटो ताडून पाहिले, पासपोर्टचं कव्हर जरा निरखलं. “फर्स्ट टाइम?” त्यानं विचारलं. याकूब यस म्हणाला. “पर्पज?” टुरिझम. बस्स. राजधानी नाही, बेटं नाहीत, ज्वालामुखी तर नाहीच. याकूबचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतका अभ्यास करून जावं आणि पेपरच सोपा निघावा, तशातली गत.

तेवढ्यात कुलसुम मागून म्हणाली, “याकूब, घसा सुकला रे. पाणी दे जरा.”

यतीननं वर पाहिलं. दिवसभर तोंडावर असलेला ऑफिसचा चेहरा एकदम उतरला आणि खालून घरचा मुलगा निघाला.

“आजी, तुम्ही मराठी बोलता?” तो म्हणाला. “मी आंजर्ल्याचा. दापोलीजवळ. तुमचं गाव कुठलं?”

आंजर्लं म्हणजे हर्णैच्या शेजारचं, खाडीपलीकडचं गाव. हे प्रमोदिनीला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर कळलं. तिला एवढंच दिसलं की कुलसुम खिडकीपाशी सरकली, तिनं काउंटरच्या कडेवर हात ठेवला आणि तोंड उघडलं. थोडा वेळ आवाज फुटला नाही.

“मोरोनी,” ती म्हणाली.

“कुठं आलं ते?”

“ग्रांद कोमोर. बेट हाय.” आता थांबायचं कसं ते तिला कळेना झालं असावं. “ज्वालामुखी हाय. नदी नाय. पाणी टाकीत धरतात.”

“अच्छा, बाहेरचं,” यतीन म्हणाला. तो जरासा हिरमुसला, तरी अदबीनं हसला. “बोलता छान तुम्ही. मला वाटलं आमच्या बाजूच्या.” मग त्यानं कागदांवर शिक्के मारले, पावती दिली आणि पुढचा नंबर पुकारला.

गाडीत याकूबला धीर धरवेना. “अम्मा, फर्स्ट क्लास! एक बी चुकली नाहीस तू.” कुलसुम मागं खिडकीशी बसली होती आणि ओढणीचं टोक दातात धरून बाहेर बघत होती. प्रमोदिनीला वाटलं, थकली असेल. सगळेच थकलेले होते.

व्हिसा आला. कुठलीही खळखळ न होता, दोघांचाही, सहा महिन्यांचा. याकूबनं मालकाकडून रजा काढली. जैनूला फोन गेला, तिकडे रडारड झाली, हर्णैला घराला रंग द्यायला घेतला म्हणून कळलं. इकडे कुलसुमनं बॅग भरली. जैनूसाठी दोन कापडं, नातवंडांसाठी चॉकलेटं, मक्केहून आलेलं झमझमचं पाणी. आणि तिकिटं काढायला याकूब निघाला त्या सकाळी ती म्हणाली, “नको काढू. मी येत नाय.”

याकूबला वाटलं, विमानाची भीती. मग वाटलं, तब्येत. डॉक्टरला दाखवलं, डॉक्टर म्हणाला ठणठणीत आहे. रमजान झाल्यावर जाऊ म्हणून थांबला. रमजान झाला, ईद झाली, ती तेच म्हणत राहिली. कारण विचारलं तर गप्प. ईदेला जैनूचा फोन आला तेव्हा तिनं फोन हातात घेतलाच नाही, नमाजाला बसले म्हणून सांग, असं खुणेनं सांगितलं. त्या दिवशी मात्र याकूब हादरला आणि प्रमोदिनीकडे आला.

“तुमचं ऐकते ती, ताई. माझ्याशी तर आता बोलत पण नाही. व्हिसाचे निम्मे महिने गेले. परत मिळेल न मिळेल, कुणाला ठाऊक?”

“आपण कशाला पडायचं त्यांच्या घरच्या गोष्टीत?” राजन आतून म्हणाला. तो शुक्रवार होता. प्रमोदिनीनं पर्स घेतली आणि निघाली. तिच्या मनात पहिल्यापासून काहीतरी डाचत होतं. तिला वाटत होतं, म्हातारीला लाज वाटते आहे. शेजारच्या गावच्या पोरानं मायेनं विचारलं आणि हिनं त्याच्या तोंडावर खोटं सांगितलं. आता त्या मातीत कुठल्या तोंडानं जाऊ, असं तिला झालं असणार. आणि ते खोटं शिकवलं कुणी?

याकूब राहायचा ती सतव्यातली बैठी घरं पाडायची ठरली होती. प्रत्येक भिंतीवर हिरव्या रंगानं नंबर टाकलेला होता. मग मंदी आली, तिथं व्हायचे ते टॉवर कागदावर राहिले, आणि घरंही राहिली. नंबर घेऊन उभी होती. कुलसुम आतल्या खोलीत गादीवर बसून लसूण सोलत होती. बॅग कोपऱ्यात होती, भरलेलीच. याकूब बाहेरच थांबला.

“मावशी, माझं चुकलं,” प्रमोदिनी बसल्या बसल्या म्हणाली. आडवळणानं बोलायची ताकद तिच्यात नव्हती. “मी सांगितलं म्हणून तुम्ही त्या मुलाशी खोटं बोललात. त्याचं पाप तुम्हाला नाही, मला. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. जाऊन या.”

कुलसुमनं हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली.

“खोटं नाय बोलले, बाय.”

“म्हणजे?”

“त्या पोरानं आंजर्लं म्हटलं,” कुलसुम म्हणाली. “आंजर्ल्याला माझी आत्ती दिलेली. होडीतून जायचो आम्ही. मला वाटलं, आता सांगते ह्याला. तुमची ती मोरोनी गेली खड्ड्यात. याकूब काय बी बोलो. पोटातून वर आलं बघ माझ्या. तोंड उघडलं, आणि नाव येईना.”

“कसलं नाव?”

“गावाचं. माझ्या गावाचं नाव येईना तोंडात. शोधते, शोधते, तो पोर बघत बसलाय. मोरोनी आलं. जे आलं ते सांगितलं.” तिनं दुसरी पाकळी घेतली. “गाडीत बसल्यावर आलं. घर येता येता. तेव्हा काय उपयोग?”

प्रमोदिनीला एकदम गुन्हेगारासारखं वाटलं, आणि गुन्हा कुठला तेही धड सांगता आलं नसतं.

“सेहेचाळीस वर्षांत मला गाव कुणी विचारलंच नाय,” कुलसुम म्हणाली. “नवऱ्यानं कशाला विचारावं, त्याला ठाऊक. बाकीच्यांना काय करायचंय? आता जैनूच्या दारात जाऊन उभी राहिले, आणि ती म्हणाली, बुबू, ती विहीर आठवते का, ते झाड आठवतं का, फलाणीचं घर आठवतं का? मी काय सांगू तिला? मला कार्थाला आठवतो. ती पोर इतकी वर्षं वाट बघत्येय, तिच्यापुढं मी अशी कोरी जाऊ?”

“पण बघितल्यावर आठवेल, मावशी. तिथं गेलात की सगळं आपोआप...”

“नाय आठवलं तर?”

बाहेर कुणीतरी टॅक्सीचा दरवाजा जोरात आपटला. कुलसुमनं वाटी बाजूला ठेवली, हात ओढणीला पुसले, आणि एक गोष्ट तिनं आधीच ठरवून ठेवली असावी अशी ती सरसावून बसली.

“तू मास्तरीण हायस,” ती म्हणाली. “तुझं शिकवलेलं टिकतं, ते मी बघितलंय. एक कर. हर्णै शिकव मला. त्या बेटांसारखंच. वाटा कुठल्या, विहिरी कुठल्या, बंदर कुठं, मशीद कुठं. विचारत जा, मी सांगत जाईन. चुकलं की परत विचार. पाठ झालं की जाईन.”

प्रमोदिनीनं हर्णै कधी पाहिलं नव्हतं. सोलापूरच्या माणसाला समुद्रच मुळात उशिरा दिसतो. मासळीसाठी नाव ऐकलेलं, एवढंच. तिथं वाटा किती, विहिरी कुठं, कुणाची घरं कुठल्या बाजूला, यातलं तिला काहीसुद्धा ठाऊक नव्हतं.

“मला नाही हो येत हर्णै,” ती म्हणाली. “तुम्ही सांगा ना, मावशी. जेवढं आठवेल तेवढं सांगा. मी ऐकते.”

कुलसुमनं लसणाची वाटी पुन्हा जवळ ओढली, जराही न रागावता.

“मला सांगता आलं असतं, बाय,” ती म्हणाली, “तर तुझ्यापाशी कशाला मागितलं असतं?”